सोन्याची रेघ आणि रक्तातलं मीठ

गरोदरपणाची घरगुती चाचणी करायच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, ती बहुतेक वेळा सोन्याची असते. खरंखुरं सोनं, पण इतकं बारीक की त्याचं पिवळेपण उरलेलं नसतं. कोविडच्या दिवसांत नाकात काडी फिरवून ज्या पट्ट्या आपण श्वास रोखून बघितल्या, त्यांतल्याही बऱ्याचशा पट्ट्यांवर हेच सोनं होतं. मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न माझी पाठ सोडत नाही. अशी रेघ कर्करोगासाठी कधी उमटेल? सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात, बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर, गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी?

एम.एस्सी.च्या मुलांना मी दरवर्षी सोन्याचे नॅनोकण करायला लावते. फ्लास्क आधी ॲक्वा रेजियाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाने, धुवायचा, कारण जुना डाग थोडा जरी राहिला तरी सोनं त्याच्याभोवती गोळा होतं आणि सगळं बिघडतं. मग सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि उकळी फुटली की सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळेपणा जातो, क्षणभर नितळ पाणी दिसतं, मग काळपट-निळसर झाक येते आणि बघता बघता अख्खा फ्लास्क भिंड्याच्या, म्हणजे कोकमाच्या, आगळासारखा लाल होतो. ही कृती जॉन टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली दिली. पण लाल सोनं त्याहून जुनं आहे. १८५७ साली मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते तयार केलं होतं आणि त्याच्या बाटल्या तिथे आजही जपून ठेवलेल्या आहेत.

या लाल पाण्यातला एकेक कण पंधरा-वीस नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आपल्या रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून धरणारं प्रथिन, सुमारे १० नॅनोमीटरची. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की सोन्याचा कण आणि अँटिबॉडी साधारण एकाच मापाचे आहेत. म्हणून ते एकमेकांना चिकटून, हातात हात घालून काम करू शकतात. सोन्याच्या बिस्किटाला रक्तातला एखादा रेणू आला-गेला कळणार नाही. पंधरा नॅनोमीटरच्या कणाला कळतो.

हे मुलांना दाखवायला मी मीठ वापरते. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरातून आणलेलं जाडं मीठ. लाल पाण्याच्या एका टेस्टट्यूबमध्ये त्याचं द्रावण सोडलं की लाल रंग जांभळा होतो आणि मग निळा. सोन्याच्या कणांवर सायट्रेटमुळे ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. मीठ तो प्रभार झाकून टाकतं आणि कण एकमेकांना येऊन चिकटतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमही असतं, त्याचा प्रभार दुप्पट, म्हणून रंग आणखी लवकर पालटतो. दुसऱ्या टेस्टट्यूबमध्ये कणांना आधीच प्रथिनांचं अस्तर दिलेलं असतं. तिच्यात तेच मीठ टाकलं तरी पाणी लालच राहतं. मुलं दोन्ही टेस्टट्यूब खिडकीकडे धरून बघतात. डोळ्यांना न दिसणारं अस्तर आहे की नाही, हे नुसत्या रंगावरून कळलं. एवढ्यावर पुढचं शास्त्र उभं आहे.

शरीरातला एखादा पदार्थ हुडकून तो असल्याचं सांगणारं साधन म्हणजे बायोसेन्सर. त्याचे दोन भाग असतात, एक ओळखणारा आणि एक सांगणारा. ओळखायचं काम एखादं एन्झाइम, अँटिबॉडी किंवा डीएनएचा तुकडा करतो. सांगायचं काम रंग, प्रकाश किंवा वीज करते. लेलँड क्लार्कने १९६२ साली एन्झाइम आणि इलेक्ट्रोडची जोडी जमवायची कल्पना मांडली, आणि आज गोव्यात कितीतरी घरांत कुणाच्या तरी कपाटात रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर असतो. मग साखरेला जमलं ते कर्करोगाला का जमत नाही? याचं उत्तर प्रमाणात आहे. उपाशीपोटी आपल्या रक्तात एका मिलीलीटरमागे जवळपास १ मिलिग्रॅम साखर असते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी जो पीएसए, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, मोजतात, त्याची नेहमीची सीमारेषा आहे मिलीलीटरमागे ४ नॅनोग्रॅम. म्हणजे साखरेच्या अडीच लाखाव्या भागाइतका. आणि रोग खरोखर कोवळा असताना शोधायचा तर याहूनही खाली उतरावं लागतं.

इथे नॅनोपदार्थ कामाला येतात. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १० नॅनोमीटरच्या घनांत चिरला तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. पदार्थ तेवढाच, पण अँटिबॉडी बसवायला जागा लाखो पटींनी वाढली. शिवाय ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे आणि नळ्या, यांच्यातून वीज इतकी सहज वाहते की पृष्ठभागावर काही येऊन बसलं तर प्रवाहात फरक पडतो. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००५ साली सिलिकॉनच्या नॅनोतारांवर कर्करोगाचे मार्कर, म्हणजे रोगाची खूण देणारे रक्तातले रेणू, पकडले, तेही मिलीलीटरमागे एका पिकोग्रॅमच्या खाली. पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, आता फार तर दहा वर्षं.

पण त्या प्रयोगासाठी रक्तद्रवातलं मीठ आधी काढून टाकावं लागलं होतं. रक्त खारट असतं. त्या खारटपणात विद्युत प्रभाराचा परिणाम जेमतेम एक नॅनोमीटर अंतरापर्यंत पोचतो आणि अँटिबॉडी तर दहा नॅनोमीटरची. तिच्या टोकाला मार्कर येऊन बसला तरी खालच्या तारेला त्याचा पत्ता लागत नाही. टेस्टट्यूबमध्ये रंग पालटणारं जे मीठ, तेच इथे सेन्सरच्या कानावर हात ठेवतं. आणि मीठ ही एकच अडचण नाही. रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मिलीलीटरमागे चाळीसेक मिलिग्रॅम असतं, म्हणजे चार नॅनोग्रॅम मार्करच्या एक कोटी पट. ते इलेक्ट्रोडवर येऊन थापलं जातं आणि जिथे मार्करने बसायचं ती जागा अडवतं. आपण ज्याला पाचारण केलं तो एक, आणि आगंतुक एक कोटी.

म्हणून नवा शोधनिबंध हाती आला की मी आधी एकच गोष्ट शोधते, मोजणी कशात केली आहे? स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत केलेल्या साध्या द्रावणात, केली असेल तर शोधमर्यादेचा, म्हणजे पकडता येणाऱ्या कमीत कमी प्रमाणाचा, आकडा कितीही खाली गेलेला असो, मला तो फारसा हलवत नाही. रक्तात, आणि तेही एका माणसाच्या नव्हे, निरनिराळ्या वयांच्या, मधुमेह असलेल्या, कावीळ झालेल्या, पाळीच्या दिवसांतल्या माणसांच्या रक्तात मोजलं असेल तर मी खुर्ची पुढे ओढून वाचते. दुर्दैवाने पहिल्या प्रकारचे निबंध ढिगाने येतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी आशा लागलेली असते.

आशा काय असते ते गोव्याने २०१८ आणि २०१९ मध्ये बघितलं. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी पडले आणि हा अवयव घराघरांत चर्चेला आला. आयआयटी मुंबईत धातुशास्त्र शिकलेला हा माणूस नाकात नळी घेऊन विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना आम्ही टीव्हीवर बघत होतो. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. त्या वर्षभरात मला कितीजणांनी विचारलं असेल, 'बाय, तू शास्त्रातली, याचं आधी कळायला काहीच नाही का गं?' स्वादुपिंड पोटाच्या आत खोल, पाठीच्या कण्याजवळ असतं. गाठ हाताला लागत नाही आणि लक्षणं दिसतात तेव्हा बहुधा वेळ गेलेली असते. रक्तात सीए १९-९ नावाचा मार्कर मोजता येतो, पण पित्तनलिका तुंबली तरी तो वाढतो, आणि काही माणसांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही. अशा माणसाच्या रक्तात जगातला सर्वांत तल्लख सेन्सर घातला तरी तो काय सांगणार?

२०१२ साली अमेरिकेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने फिल्टर पेपरला कार्बन नॅनोट्यूबचा लेप देऊन मेसोथेलिन हा मार्कर पकडायची पट्टी केली आणि मोठं बक्षीस मिळवलं. स्वादुपिंडाचा कर्करोग काही पैशांत ओळखणारी चाचणी म्हणून ती बातमी जगभर फिरली. पुढे ती पट्टी दवाखान्यात आली नाही. मुलाची कल्पना उत्तम होती. मेसोथेलिन दुसऱ्याही कर्करोगांत वाढतं आणि वर सांगितलेलं रक्ताचं सगळं झेंगट होतंच. त्या वयात त्याने जे केलं त्याचं मला कौतुक आहे. ज्यांनी त्याच्या पट्टीला तयार चाचणी म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांनी आजारी माणसांच्या घरांचा विचार करायला हवा होता.

माझ्या मावशीचं सांगते. ती डिचोली तालुक्यात राहायची, शेतात आणि कुळागरात राबलेली बाई. एका चतुर्थीला ती मला म्हणाली, 'परकराची नाडी सैल बांधावी लागते बाय, पोट भरल्यासारखं वाटतं.' जेवण कमी झालं होतं आणि पोट मात्र वाढत होतं. एका दवाखान्यात गॅसच्या गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग ॲसिडिटीचं औषध. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेली तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं. अंडाशयाचा कर्करोग, पसरलेला. त्यानंतर कुणीतरी सीए १२५, म्हणजे या कर्करोगाच्या मार्करची रक्तचाचणी, करायला सांगितलं आणि तो आकडा आमच्या घरात कितीतरी दिवस कागदावर पडून होता. 'ही चाचणी आधी केली असती तर' हे वाक्य माझी आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

तिच्या त्या वाक्याचं उत्तर मला २०२१ मध्ये मिळालं, आणि ते ऐकायला ती नव्हती. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर अभ्यास चालला होता. काही जणींची दरवर्षी सीए १२५ तपासणी, काही जणींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. सीए १२५ करणाऱ्या गटात रोग थोड्या अधिक जणींमध्ये पहिल्या टप्प्यात सापडला. तरीही मृत्यू कमी झाले नाहीत. मी तो निष्कर्ष दोनदा वाचला. लवकर सापडला आणि तरीही वाचल्या नाहीत? पण तसंच होतं. सीए १२५ पाळीत वाढतो, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या विकारात, वाढतो, आणि जे कर्करोग तो लवकर दाखवतो ते सगळे जीवघेणे नसतात. जीवघेणे असतात ते त्याच्या आधीच पसरलेले असू शकतात. माझ्या मावशीच्या बाबतीत चाचणीने काय झालं असतं हे मी आता ठामपणे म्हणू शकत नाही. परकराच्या नाडीचं बोलणं कुणीतरी मनावर घेऊन महिनाभर आधी सोनोग्राफी केली असती तर तिचा त्रास नक्की कमी झाला असता.

आणखी एक हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. समजा एक अप्रतिम सेन्सर आहे. रोग असलेल्या शंभरांतल्या ९९ जणांना तो पकडतो आणि निरोगी शंभरांतल्या ९९ जणांना बरोबर सोडून देतो. असा रोग घ्या जो हजारात एकाला आहे, आणि एक लाख बायकांची तपासणी करा. रोग शंभर जणींना, त्यांतल्या ९९ सापडल्या. उरलेल्या ९९,९०० निरोगी, पण त्यांच्यातल्या ९९९ जणींच्या पट्टीवरही रेघ उमटली. म्हणजे रेघ उमटलेल्या अकरा जणींपैकी दहा निरोगी. त्या दहा जणींनी बांबोळीला खेपा घालायच्या, बायोप्सी करून घ्यायची, रात्र रात्र जागायचं, घरात कुजबुज सोसायची. शोधमर्यादा आणखी खाली आणली तर हा आकडा सुधारेलच असं नाही, उलट वाढूही शकतो. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पट वाढलं. मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. किती जणांच्या गळ्यावर विनाकारण सुरी फिरली असेल!

मग नॅनोसेन्सरचा नाद सोडून द्यायचा का? मुळीच नाही. मी तो सोडलेला नाही, आणि त्याचं कारण आपल्या मराठी मुलखातच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक खेड्यातल्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्या गावांत एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची, तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली आणि गरज होती त्यांना उपचार दिले, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. २०१३ साली कळलं की मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही म्हणून पुढे टीकाही झाली आणि ती टीका मला रास्त वाटते. पण फळ खरं आहे.

ही तपासणी यशस्वी का झाली? गर्भाशयमुखाचा रोग कर्करोग व्हायच्या आधी कित्येक वर्षं पूर्वावस्थेत थांबलेला असतो. त्या अवस्थेत तो दिसतो, आणि दिसला की तिथल्या तिथे, छोट्या उपचाराने काढून टाकता येतो. शोधायचं काय आणि सापडल्यावर करायचं काय, दोन्ही ठरलेलं होतं. नॅनोसेन्सरने आधी अशाच ठिकाणी जावं असं माझं मत आहे. एचपीव्हीची प्रयोगशाळेतली तपासणी महाग पडते, तिला यंत्र लागतं, नमुना पाठवून निकालाची वाट बघावी लागते, आणि मध्ये बाई हातची निसटते. तीच तपासणी तासाभरात, त्याच खोलीत, कुणाही नर्सबाईला करता येईल अशी झाली तर नॅनोकणांचं सार्थक होईल. विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन पकडणाऱ्या पट्ट्या झालेल्याही आहेत. स्वादुपिंड आणि अंडाशय कठीण आहेत, त्यांच्यावर काम चालूच राहावं, पण त्यांच्या नावाने आज कुणी पट्टी विकत असेल तर मी माझ्या बहिणीला ती घेऊ देणार नाही.

गोवा या कामाला चांगली जागा आहे. राज्य लहान, आरोग्य केंद्रं पोचण्याजोगी, आणि बायका बोलावलं तर येतात. २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम सुरू झाली तेव्हा छातीवर हलकेच फिरवून गाठीचा कठीणपणा ओळखणारं, हातात मावणारं उपकरण आरोग्य केंद्रांत आलं. त्यात किरण नाहीत, फक्त दाब ओळखणारे सेन्सर. आमच्या वाड्यावरच्या बायका देवळाच्या मंडपात हळदीकुंकवाला जमल्या असताना मी हा विषय काढला, तर एकीने लगेच विचारलं, 'आत झाकलेली जागा असते ना? दार लागतं ना?' यंत्राच्या अचूकतेबद्दल कुणीच विचारलं नाही. संशोधकांनी हे ऐकायला हवं.

माझी एक विद्यार्थिनी सध्या कार्बनच्या छापील इलेक्ट्रोडवर सोन्याचे कण बसवून एचपीव्हीच्या डीएनएचा तुकडा पकडायचा प्रयत्न करते आहे. बफरमध्ये तिचा सेन्सर सुरेख चालला. विकत मिळणाऱ्या मानवी सीरममध्ये, म्हणजे रक्तद्रवात, घातल्याबरोबर सिग्नल कोसळला. ती रडवेली झाली होती, मी मात्र मनातून खूश होते, कारण खरं काम तिथून सुरू झालं. अल्ब्युमिन चिकटू नये म्हणून तिने इलेक्ट्रोडला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं अस्तर दिलं. सिग्नल पुरता नाही, पण बराच परत आला. मग पावसाळा आला. आषाढातल्या दमट हवेत, उघड्या पाकिटातल्या पट्ट्या काही दिवसांत मंदावल्या. सिलिका जेलची पुडी घालून बंद केलेल्या तग धरून राहिल्या. आता तिला वाळपईच्या बाजूच्या एका उपकेंद्रात जाऊन तिथल्या नर्सबाईंना विचारायचं आहे, की पाकीट उघडल्यावर पट्टी वापरेपर्यंत किती वेळ जातो, वीज गेली की फ्रिज किती तास थंड राहतो, आणि रेघ उमटलेल्या बाईला बांबोळीला न्यायला त्या दिवशी कोणती बस मिळते. या तीन प्रश्नांची उत्तरं प्रबंधात शोधमर्यादेच्या तक्त्याला लागूनच छापायची, असं आमचं ठरलं आहे.